इंदिरा गांधी 1980 मध्ये परत कशा आल्या, आणि त्यावरून आजच्या पडलेल्या नेत्याचा अंदाज कसा बांधावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या जिल्ह्यातील एक लोकप्रिय पण वादग्रस्त नेता मागील विधानसभा निवडणुकीत सपाटून पडला. त्याच्यावर खटले चालू आहेत, सत्तेत असताना त्याने केलेल्या दांडगाईच्या गोष्टी अजून लोकांच्या तोंडी आहेत, आणि तरीही तो गावोगाव फिरू लागताच गर्दी जमू लागली आहे. लोक इतक्या लवकर विसरतात का, असे आपण विचारता, आणि जोडीला इंदिरा गांधींचे उदाहरण देता: आणीबाणी लादून स्वतःच्या रायबरेलीत हरलेली व्यक्ती तीन वर्षांच्या आत पुन्हा पंतप्रधान होते, ती सहानुभूतीच्या जोरावर, पैशाच्या जोरावर, की लोकांच्या विसराळूपणामुळे?

मी बरीच वर्षे निवडणूक प्रचाराच्या कामात आहे, त्यातही भाषणे आणि सभांपेक्षा बूथनिहाय आकड्यांच्या बाजूला अधिक. परस्परविरोधी पक्षांसाठी काम केलेले असल्याने आपल्या नेत्याबद्दल मला ममत्व नाही आणि आकसही नाही. माझ्या अनुभवात मतदार विसरतो असे फारसे दिसत नाही. ज्या घरातील माणूस तुरुंगात गेला किंवा ज्याच्यावर नसबंदीची सक्ती झाली, ते घर तीन वर्षांत काय, तीस वर्षांतही विसरत नाही. बदलतो तो निवडणुकीचा विषय. मार्च 1977 मध्ये उत्तर भारतातील मतदारापुढे एकच विषय होता, या राजवटीला घालवायचे की नाही. जानेवारी 1980 मध्ये त्याच मतदारापुढे विषय होता, सरकार चालवणार कोण. पहिल्या विषयावर इंदिरा गांधी तेव्हाही हरल्या असत्या आणि 1980 मध्येही हरल्या असत्या, असे मला वाटते. त्यांचे यश इतकेच की विषय बदलला तेव्हा त्या मैदानात होत्या, आणि तो बदलायला त्यांच्यापेक्षा त्यांच्या विरोधकांनी अधिक हातभार लावला होता.

आता हे आकड्यांनी पाहू, कारण पराभव मोजण्याची आपली सवयच सदोष आहे. 1977 मध्ये काँग्रेसच्या 154 जागा आल्या, जनता पक्षाच्या 295. उत्तर प्रदेशातील 85 पैकी आणि बिहारमधील 54 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. या दोन शून्यांमुळे काँग्रेस संपली असे चित्र उभे राहिले, आणि दिल्लीत बसलेल्या अनेकांनी ते खरे मानले. मतांची टक्केवारी मात्र वेगळे सांगत होती: काँग्रेसला सुमारे 34.5 टक्के मते होती आणि जनता पक्षाला 41 च्या थोडी वर. शिवाय आंध्र प्रदेशात 42 पैकी 41 आणि कर्नाटकात 28 पैकी 26 जागा काँग्रेसच्याच होत्या. आपल्याकडे महाराष्ट्रात 48 पैकी 20 काँग्रेसच्या आणि 19 जनता पक्षाच्या, म्हणजे जवळपास बरोबरी. आणीबाणीच्या जाचाची धग उत्तरेत जास्त होती, दक्षिणेत कमी, आणि मतदानही तसेच झाले.

तीन वर्षांनंतर काँग्रेस (आय)ला, म्हणजे फुटीनंतरच्या इंदिरा गांधींच्या काँग्रेसला, 353 जागा मिळाल्या. याला लाट म्हणतात, आणि जागांच्या हिशेबाने ती होतीच. मतांच्या हिशेबाने पाहिले तर 34.5 वरून 42.7 टक्के, म्हणजे साधारण आठ टक्क्यांची वाढ. मधल्या काळात पक्ष फुटला होता हे लक्षात घेतले तर ही वाढ मोठी आहे हे मान्य करावे लागेल. पण दुप्पट-सव्वादुप्पट जागा ज्या कारणाने आल्या ते कारण पलीकडच्या बाजूला आहे. जनता पक्ष 19 टक्क्यांवर आला होता आणि त्यातून फुटलेला चरणसिंगांचा गट नऊ-साडेनऊ टक्क्यांवर. सर्वाधिक मते घेणारा निवडून येतो अशा आपल्या पद्धतीत समोरची मते दोन ठिकाणी वाटली गेली की 40 टक्केवाल्याला मैदान मोकळे मिळते. आणखी एक आकडा, ज्याकडे फार कमी लोक पाहतात: 1977 मध्ये देशभर सुमारे 60.5 टक्के मतदान झाले होते, 1980 मध्ये ते 57 टक्क्यांच्या आसपास उतरले. चिडून बाहेर पडलेला मतदार निराश झाला की बहुधा परत जुन्या पक्षाकडे जात नाही, तो घरी बसतो. पण त्याचे घरी बसणे पडलेल्या नेत्याच्या पथ्यावरच पडते.

आमच्या कामात निकालानंतर पहिल्यांदा मागवायची ती फॉर्म 20 ची प्रत, ज्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. पडलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते ती उघडून 'कुठे गद्दारी झाली' हे शोधतात. मी आधी त्याची सर्वांत वाईट निवडणूक घेतो आणि त्या वाईट वर्षीही कोणत्या केंद्रांवर त्याला चाळीस टक्क्यांच्या वर मते आहेत तेवढीच गावे नकाशावर रंगवतो. ही त्याची हक्काची मते. ही काहीही झाले तरी हलत नाहीत. त्यानंतर एकूण मतदानाचा आकडा मागील निवडणुकीशी ताडून पाहतो. त्याच्या बालेकिल्ल्यातील मतदान घटले असेल तर त्याचा माणूस रुसून घरी बसला आहे, आणि रुसलेला माणूस परत आणणे हे विरोधात गेलेला माणूस परत आणण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. याउलट बालेकिल्ल्यातच मतदान वाढून त्याची मते घटली असतील तर तेथे लोक ठरवून पाडायला बाहेर पडले होते, आणि अशा नेत्याचे परतणे अवघड असते. आपल्या नेत्याबद्दल हा एक कागद पाहिल्याशिवाय कोणी छातीठोक बोलत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. गर्दीचे म्हणाल तर गर्दी ट्रॅक्टरने आणता येते.

पण मते शिल्लक असणे पुरेसे नाही, ती गोळा करणारी व्यवस्था हाती असावी लागते. येथे इंदिरा गांधींनी जो निर्णय घेतला तो त्या वेळी अनेकांना आत्मघातकी वाटला होता. जानेवारी 1978 मध्ये त्यांनी पक्ष फोडला. ब्रह्मानंद रेड्डी, यशवंतराव चव्हाण यांच्यासारखे ज्येष्ठ पलीकडे राहिले. गाय-वासरू हे चिन्ह गेले आणि हाताचा पंजा आला. मुरलेले नेते सोडून नवे चिन्ह घेणे म्हणजे सगळे पहिल्यापासून सुरू करणे. पण त्यातून एक गोष्ट साधली: पक्षात त्यांच्या पराभवाची चर्चा करणारे कोणी उरले नाही. आणि लगेच फेब्रुवारीत झालेल्या विधानसभा निवडणुकांत कर्नाटकात 224 पैकी 149 आणि आंध्रात 294 पैकी 175 जागा मिळाल्या, तेव्हा खरी काँग्रेस कोणती हा वाद मतदारांनीच मिटवला. बालेकिल्ल्यातील निवडणूक आधी आली हे त्यांचे नशीब. ती उत्तर प्रदेशात आली असती तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा असता.

महाराष्ट्राचे चित्र त्याच महिन्यात इतके स्वच्छ नव्हते, आणि म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे. 288 पैकी जनता पक्ष 99, रेड्डी काँग्रेस 69 आणि इंदिरा काँग्रेस 62. म्हणजे दोन्ही काँग्रेस मिळून जनता पक्षाच्या पुढे होत्या, पण एकमेकींचे तोंड पाहायला तयार नव्हत्या. नाइलाजाने वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा गटाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री असे सरकार आले, ते जुलैमध्ये शरद पवारांनी बाहेर पडून पाडले, आणि पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या पवारांच्या आघाडीचे) सरकार आले. त्या वेळी कोणालाही वाटले असते की महाराष्ट्रात इंदिरा काँग्रेसचे काही खरे नाही. जानेवारी 1980 मध्ये 48 पैकी 39 जागा त्यांच्या आल्या. पलीकडच्या काँग्रेसकडून साताऱ्यात यशवंतराव तेवढे टिकले. फेब्रुवारीत पवारांचे सरकार बरखास्त झाले आणि पुढच्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला 186 जागा मिळाल्या. पक्षाचे स्थानिक नेते, साखर कारखाने, जिल्हा बँका यांतील मोठा भाग पलीकडे असूनही हे घडले. सहकाराचे जाळे ज्याच्या हाती त्याचीच मते, हा आपल्याकडचा सिद्धांत लोकसभेला फारसा चालत नाही, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

आता विरोधकांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. जनता सरकारकडे इंदिरा गांधींविरुद्ध भक्कम सामग्री होती. मे 1977 मध्ये नेमलेल्या शहा आयोगापुढे आणीबाणीतील मनमानीचे ढीगभर पुरावे येत होते. पण गृहमंत्री चरणसिंग यांना घाई झाली होती. 3 ऑक्टोबर 1977 रोजी इंदिरा गांधींना अटक झाली, तीही आणीबाणीतील अत्याचारांसाठी नव्हे. निवडणुकीसाठी मिळवलेल्या जीपगाड्या आणि एक तेलाचे कंत्राट अशा भ्रष्टाचाराच्या आरोपांवर. पोलीस दारात आल्यावर त्यांनी बेड्या घाला असा आग्रह धरला, आणि तोवर बातमीदार जमा झाले. त्यांना हरियाणाच्या दिशेने नेत असताना वाटेत रेल्वेचे फाटक बंद मिळाले. त्या गाडीतून उतरून पुलाच्या कठड्यावर बसल्या, आणि त्यांच्या वकिलांनी दिल्लीबाहेर नेण्याच्या अधिकारावरच हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी पुरेसा आधार नाही म्हणून सोडून दिले. प्रचाराच्या धंद्यातील माणूस म्हणून सांगतो, असा दिवस कितीही पैसे मोजून विकत मिळत नाही. आदल्या दिवशीपर्यंत ज्या आरोपी होत्या त्या दुसऱ्या दिवशी फिर्यादी झाल्या.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. नोव्हेंबर 1978 मध्ये त्या कर्नाटकातील चिकमगळूरची पोटनिवडणूक सत्तर हजारांहून अधिक मतांनी जिंकून लोकसभेत आल्या, तर डिसेंबरमध्ये विशेषाधिकारभंगाच्या प्रकरणात सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले आणि अधिवेशन संपेपर्यंत तिहार तुरुंगात पाठवले. संजय गांधींच्या मारुती मोटार प्रकल्पाची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिल्याचा तो आरोप होता, आणि तो पोकळ नव्हता. पण नुकतेच लोकांनी निवडून दिलेल्या खासदाराला बहुमताच्या जोरावर घालवणे आणि आठवडाभरात सोडून देणे यातून लोकांनी काय घ्यावे? गुन्हा गंभीर असेल तर शिक्षा आठवड्याची का, आणि किरकोळ असेल तर सदस्यत्व का घालवले? आणीबाणीतील गुन्ह्यांचे खटले चालवण्यासाठी विशेष न्यायालयांचा कायदा आला तोवर 1979 उजाडले होते आणि सरकारचेच दिवस भरत आले होते.

त्या सरकारचा शेवट तर सर्वश्रुत आहे. जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्याच्या भरवशावर चरणसिंग पंतप्रधान झाले. पाठिंबा काढून घेतला गेला आणि लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये त्यांनी पायउतार होणे पत्करले. म्हणजे ज्यांना तुरुंगात टाकण्यासाठी चरणसिंग सर्वाधिक उतावीळ होते, त्यांच्याच आधारावर ते खुर्चीवर बसले. त्यानंतर आणीबाणीच्या पापांबद्दल त्यांच्या तोंडून एक वाक्यही मतदाराने ऐकून घेतले नसते. त्याच वर्षी दुष्काळ पडला, महागाई भडकली, आणि कांद्याचे भाव हा थेट प्रचाराचा मुद्दा झाला. (आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गंमत: शहरात महागड्या कांद्यावर सरकार पडल्याची चर्चा चालू असताना, 1980 च्याच पूर्वार्धात चाकणला कांद्याला भाव मिळत नाही म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. कांद्याने सरकार पडते हे वाक्य शेतकऱ्याच्या बाजूने कधीच उच्चारले जात नाही.)

मग नेत्याचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नाही का? आहे, आणि ते वेळ साधण्यात आहे. मे 1977 मध्ये बिहारमधील बेलछी गावात अकरा जणांचे हत्याकांड झाले, त्यांपैकी बहुतेक दलित होते. सत्ताधारी पक्षाचे मोठे नेते तेथे फिरकले नव्हते. ऑगस्टच्या भर पावसात इंदिरा गांधी निघाल्या. चिखलात जीप रुतली, मग ट्रॅक्टर, तोही चालेना, तेव्हा अंबारी नसलेल्या हत्तीवर बसून त्या गावात पोहोचल्या. हा देखावा होता असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण त्या देखाव्याच्या आत एक नेमका हिशेब होता: 'गरिबी हटाव'च्या घोषणेने 1971 मध्ये जो गरीब, दलित मतदार त्यांच्याकडे आला होता आणि 1977 मध्ये ढळला होता, नेमक्या त्याच्याच दारात त्या गेल्या. विरोधात गेलेल्या मध्यमवर्गाची मनधरणी करत बसल्या नाहीत. त्याच दौऱ्यात पाटण्याला जाऊन त्यांनी आपल्या विरोधातील आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांची भेट घेतली. त्याआधी पवनारला जाऊन विनोबांना भेटल्या होत्या. माफी मात्र मोघम शब्दांतच राहिली. अतिरेक झाले असतील तर वाईट वाटते, अशा सुरातली. सल्लागार म्हणून कोणी मला विचारले तर मी हेच सांगेन की सविस्तर माफी जुना विषय ताजा करते, आणि माणूस म्हणून विचारले तर मला ते आवडत नाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत.

येथवरचे सार असे: वाईट वर्षातही टिकलेली मते, पक्षावर निर्विवाद ताबा, विरोधकांची फाटाफूट आणि त्यांचा उतावीळपणा. या चारही गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात, आणि त्या जुळणे परिस्थितीवर अवलंबून असते. एखादी नसेल तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1980 च्या त्याच लाटेत मुख्यमंत्री झालेले अ. र. अंतुले लोकानुनयात कोणाला हार जाणारे नव्हते. तहसील कचेरीत आजही ज्या नावाने अर्ज भरले जातात ती संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली. जानेवारी 1982 मध्ये सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते कोकणातील कुलाबा (आताच्या रायगड) मतदारसंघातून लोकसभेत गेले, केंद्रात मंत्रीही झाले, पण मुख्यमंत्रिपदी परतू शकले नाहीत. त्यांच्या कोकणातील मतांना फारसा धक्का लागला नव्हता; पण पक्ष त्यांच्या मालकीचा नव्हता, आणि पक्षाकडे त्या खुर्चीसाठी इच्छुकांची रांग होती.

उलट बाजूला तमिळनाडूच्या जयललिता. 1996 मध्ये 234 पैकी चार जागा आणि स्वतः बरगूरमध्ये पराभूत. 2001 मध्ये पुन्हा सत्ता. त्यांच्याशी युती नको म्हणून 1996 मध्ये ज्या मूपनारांनी काँग्रेसमधून फुटून वेगळा पक्ष काढला, तेच 2001 मध्ये त्यांच्या आघाडीत होते. पण शिक्षा झालेली असल्याने जयललितांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले, तरीही त्या मुख्यमंत्री झाल्या आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नियुक्ती रद्द केली. अपिलात सुटल्यावर अंडीपट्टीतून निवडून येऊन 2002 मध्ये त्या परतल्या. कायदा आडवा आला की पुनरागमन थांबते, पण पक्ष खिशात असेल तर जागा राखून ठेवता येते, हे त्यातून दिसते.

कायद्याचा हा भाग आपल्या नेत्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो, कारण 1980 नंतर तो बदलला आहे. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली तर शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यापासून पदावरील आमदार-खासदारांना अपिलाच्या नावाखाली मिळणारी सवलतही गेली. केवळ गुन्हा दाखल असणे किंवा आरोपपत्र असणे याने उमेदवारी अडत नाही. म्हणून त्याच्यावरील खटल्यांची संख्या मोजू नका. त्यांपैकी कोणता निकालाच्या जवळ आहे आणि त्यात किती शिक्षेची तरतूद आहे, हे एखाद्या वकिलाकडून समजून घ्या.

आपण शेवटी असेही विचारले आहे की आपण त्याच्या विरोधातील कार्यकर्ते असल्याने आता काय करावे. गावोगाव त्याच्या जुन्या गुंडगिरीच्या चित्रफिती फिरवण्याचा जो बेत आपण लिहिला आहे तो मला निरुपयोगी वाटतो, कारण त्या पाहून चिडणारा मतदार आधीच आपल्याकडे आहे. त्यापेक्षा मागील वेळी पहिल्यांदाच आपल्याकडे आलेली केंद्रे फॉर्म 20 वरून काढा आणि तेथे जाऊन विचारा की निवडून दिल्यानंतर आपला आमदार किती वेळा आला, पाण्याच्या योजनेचे काय झाले, पीकविम्याचे पैसे आले का. तेथील उत्तरे वाईट असतील तर निवडणुकीचा विषय बदलायला सुरुवात झाली आहे असे समजा. खटले न्यायालयात चालू द्या. पोलीस ठाण्यासमोर मोर्चा नेऊन त्याच्या अटकेची मागणी करू नका, विशेषतः निवडणुकीच्या वर्षात. आणि आपल्या आघाडीतील ज्या दोन गटांचे भांडण आपण ओझरते लिहिले आहे, त्यांनी वेगवेगळे उमेदवार उभे करायचे ठरवले तर बाकीचा हिशेब मांडण्याची गरजच उरणार नाही. तेव्हा त्या दोघांना एका खोलीत बसवण्याचे काम आधी करा, आणि ते उमेदवारी अर्ज भरण्याच्या आठवड्यावर ढकलू नका.